काठावरचा माणूस

२०२४ सालचा गुढीपाडवा ९ एप्रिलला, मंगळवारी आला होता. त्या दिवशी विरारच्या एका मोठ्या गृहसंकुलातल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत चार कामगार मरण पावले. आत गेलेला परत येईना, म्हणून मागचे त्याला पाहायला उतरले आणि तेही वर आले नाहीत. त्याच दिवशी नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी एका पडीक विहिरीत मांजर पडले. विहिरीत पाणी नव्हते, शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला. तो खाली गेला तो हाक देईना. त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, असे सहा जण उतरले. त्यांतले बहुतेक एकाच घरातले होते. पाच गेले. सहावा जिवंत निघाला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्या लोकांना त्याला ओढून काढता आले.

या दोन्ही बातम्या वाचल्या त्या दिवसापासून तो दोर माझ्या डोक्यातून जात नाही. सहा माणसे, एकच विहीर, तीच हवा. फरक काय तो एका दोराचा. पाचांपाशी तो का नव्हता, याचे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच ते जिवाला लागते. आपला माणूस खाली पडलेला दिसत असताना दोर शोधायला कोण जातो?

अशा बातम्यांत एक शब्द ठरलेला असतो, ‘दुर्दैवी’. माझे या शब्दाशी भांडण आहे. पावसाळ्यात घरावर दरड आली, वीज पडली, तर दैवाला बोल लावता येईल. पण ज्या मरणाची रीत दर वेळी सारखीच असते, पहिला का मेला आणि दुसरा, तिसरा का मेले हे जिथे आधीच सांगता येते, तिथे दैवाचा संबंध काय? मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले. ९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीची टाकी साफ करताना चार मजूर गेले, आणि ती टाकी तर पाण्याची होती. जिल्हे वेगळे, टाक्या वेगळ्या, रीत तीच.

मी आयुष्यातली सत्तावीस वर्षे रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात काढली. टाक्या, रिअ‍ॅक्टर, गटारे आणि खड्डे यांत माणसे उतरवणे आणि ती सगळी वर आली की मोजून घेणे, हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. आता निवृत्त होऊन बोर्ली पंचतनला घरी असतो. (मुरूड तालुक्यातले बोर्ली मांडला वेगळे. नुसते ‘बोर्ली, जिल्हा रायगड’ लिहिले तर टपाल तिकडे जाईल, अशी भीती आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून वाटते.) आमच्या गावाचे नाव काढल्यावर कुणाला कारखाना आठवत नाही. आठवतात त्या नारळी-पोफळीच्या वाड्या, शेजारचे दिवेआगर, दिघीची खाडी, पलीकडे आगरदांड्याला नेणारी फेरीबोट. कारखान्यातले ते सगळे नियम इथे काय कामाचे, असे मलाही कुणी विचारील. मी गावातून नुसता एक फेरफटका मारतो तेव्हा मला काय दिसते ते सांगतो.

वाडी तिथे विहीर आहे. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेले की गाळ काढायला गडी उतरतो. दिवेआगरला पर्यटक वाढले तशा घरगुती खोल्या आणि कॉटेजेस वाढल्या, आणि प्रत्येकीमागे जमिनीखाली काँक्रीटची एक बंद टाकी आली. आपल्याकडे बहुतेक लोक तिला ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. सेप्टिकचे सेफ्टी कुणी केले ठाऊक नाही, पण याहून फसवे नाव त्या वस्तूला शोधून सापडले नसते. काही घरांमागे गोबर गॅसचे जुने खड्डे आहेत. इमारती उभ्या राहत आहेत, त्यांच्या पाण्याच्या टाक्या आहेत. आणि दिघीला, इथल्या प्रत्येक बंदराला, होड्या आहेत. त्यांच्या पोटात मासळीचा आणि बर्फाचा खण असतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लागलेल्या एका मासेमारी बोटीच्या खणात उतरल्यावर दोन जण दगावले आणि त्यांच्या सोबतच्यांना रुग्णालयात न्यावे लागले. समुद्रावर वादळातून जिवंत आलेली माणसे धक्क्याला बांधलेल्या बोटीत मरतात, हे पचवायला जड आहे. पण कुजलेल्या मासळीतून निघणारा वायू आणि गटारातला वायू एकच आहे.

सरकारी पुस्तकात या सगळ्यांना ‘बंदिस्त जागा’ म्हणतात. विहीर तर वरून उघडी असते, मग ती बंदिस्त कशी, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मी माझ्यापुरती एक व्याख्या केली आहे. जिथे शिरायला-निघायला अडचणीचे एकच तोंड आहे, जी जागा माणसाने आत राहावे म्हणून केलेली नाही आणि जिथली हवा आपसूक बदलत नाही, ती बंदिस्त जागा. या हिशेबाने तीस फूट खोल विहीर ही टाकीच आहे. तिला झाकण नाही इतकेच.

आता हवेविषयी थोडे सांगायला हवे, कारण सगळा घोळ इथे आहे. आपण घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला की ती जागा कामाला असुरक्षित मानतात. दहाच्या खाली गेला की माणूस बेशुद्ध होतो, आणि सहाच्या आसपास तर दोन-चार श्वासांत कोसळतो. लोकांना वाटते की हवा कमी पडली तर जीव घुसमटेल, कळेल, मग आपण वर येऊ. तसे होत नाही. श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला माहीत आहे, ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. प्राणवायू कमी झाल्याने नव्हे. कमी प्राणवायूच्या हवेत माणूस नेहमीसारखा श्वास घेत राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि शरीर काही बोंब मारत नाही. पाय लुळे पडतात, शिडीवरचा हात सुटतो, संपले. वर उभा असलेल्याला वाटते, याचा पाय घसरला.

प्राणवायू जातो कुठे? कुजणारी प्रत्येक वस्तू तो खाते. गाळ, पालापाचोळा, शेण, मासळी. गंजणारे लोखंडसुद्धा खाते. बंद टाकीत राहिलेल्या सेंट्रिंगच्या ओल्या फळ्याही खातात. म्हणून पाण्याची नवी कोरी टाकीही माणसाला मारू शकते. त्यात भर पडते ती विषारी वायूंची. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा त्यांतला सगळ्यात लबाड. थोडा असताना त्याचा वास येतो. दहा लाख भाग हवेत तो शंभर भागांच्या आसपास पोचला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे ‘आता वास येत नाही, उतर’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा कदाचित तो वायू वाढलेला असतो. शिवाय तो गाळात अडकून बसतो. वरवर शांत दिसणाऱ्या टाकीत फावडे घातले, गाळ ढवळला की एकदम सुटतो. उतरताना हवा ठीक होती आणि दहा मिनिटांनी नव्हती, असे मी डोळ्यांनी मीटरवर पाहिले आहे.

आमच्या वाडवडिलांना हे अजिबात ठाऊक नव्हते असे नाही. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहायची पद्धत होती. कंदील विझला तर उतरायचे नाही. पद्धत शहाणपणाची होती, पण तिची मर्यादा आज प्रत्येकाला माहीत असायला हवी. कंदील फक्त प्राणवायूची कमतरता सांगतो, आणि तीही बरीच झाल्यावर. हायड्रोजन सल्फाइड किंवा इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला, तरी कंदील खुशाल जळत राहतो. आणि सेप्टिक टँक किंवा गोबर गॅसच्या खड्ड्यात मिथेन असतो. तिथे पेटता कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

‘आमचे आजोबा दर वर्षी उतरायचे, त्यांना काही झाले नाही,’ हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. आजोबांच्या विहिरीवर रहाट होता. दिवसभर शिंपण चाले, पाणी हलते राही, पोहरे वरखाली होत, विहिरीची हवा घुसळली जाई. आता पंप बसला. विहिरीवर जाळी आली, जाळीवर पत्रा आला, कुठे स्लॅबच पडला. काही विहिरी नळाचे पाणी आल्यावर वापरातून गेल्या आणि त्यांत पाचोळा कुजत पडला. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागातल्या वाड्या आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती, तेव्हा लोकांनी जमेल तिथून इंजिने आणून पाणी उपसले. पाण्याची पातळी खाली गेली की इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवायचा मोह होतो. असे उतरवलेले इंजिन आपला धूर त्याच विहिरीत साठवते. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो.

पण मुद्दा पहिल्या माणसाचा नाही. पहिल्याचे मरण थांबवायचे तर मीटर, ब्लोअर आणि परवाना हवा. दुसऱ्याचे, तिसऱ्याचे आणि चौथ्याचे मरण थांबवायला आधी एक वेगळीच गोष्ट हवी, ती म्हणजे काठावर उभा राहणारा आणि काठावरच राहणारा माणूस.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली अशा मृत्यूंविषयी एक इशारा प्रसिद्ध केला. बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, शंभरांत साठाहून जास्त, हे मूळ काम करणारे नव्हतेच. त्यांना वाचवायला गेलेले होते, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ही आपल्याच अडाणीपणाची कहाणी आहे असे समजू नये. माणूस सगळीकडे सारखा आहे. फरक पडतो तो पुढे काय केले याने.

कारखान्यात आम्ही काय करत होतो ते सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्याचे ३६ वे कलम यासाठीच होते. (२०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार-सुरक्षेच्या संहितेत हा आणि आणखी बारा कायदे एकत्र केले गेले.) धोकादायक वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात कुणालाही उतरवायचे तर आधी तो वायू काढून टाकण्याचे सर्व शक्य उपाय करायचे; मग जाणत्या माणसाने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनाचे साधन आणि पट्टा घालायचा. त्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असले पाहिजे, हे कायद्यानेच लिहिले होते. ज्यांनी ही ओळ घातली त्यांना वाकडीचा तो सहावा माणूस पंचाहत्तर वर्षे आधी दिसला होता म्हणायचा.

आमच्याकडे परवान्याचा पिवळा कागद असे. त्यावर आत जाणाऱ्याचे नाव, वेळ, मीटरचे आकडे आणि खाली बाहेर उभ्या राहणाऱ्याचे नाव आणि सही. या सहीला मी सगळ्यांत जास्त मानत असे. त्या माणसाला तीनच कामे. आतल्याशी बोलत राहायचे. काही बिनसले तर दोर ओढायचा, भोंगा वाजवायचा. आणि आत जायचे नाही, इतर कुणालाही जाऊ द्यायचे नाही. मॅनेजर आला तरी नाही. या तिसऱ्या कामासाठी आम्ही माणूस फार पाहून निवडत होतो. एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. आत भाऊ असेल तर काठावर भाऊ उभा करायचा नाही. बाप आणि मुलगा तर कधीच नाही. लोक म्हणायचे, ‘साहेब, सख्ख्याइतकी काळजी दुसरा कोण घेणार?’ मी म्हणायचो, ती काळजी आहे म्हणूनच तर नको. सख्खा उडी घेतो.

आणि नेमके हेच गावात उलटे असते. घरची विहीर घरचेच साफ करतात. आत मुलगा, वर बाप, मागे सुनेच्या कडेवर पोर. मुलगा कोसळला की त्या बापाला ‘तू उतरू नकोस’ असे कोण सांगणार? त्या क्षणी कुणी सांगून तो ऐकणारही नाही. म्हणून ते आदल्या दिवशी सांगावे लागते. झाकण उघडण्यापूर्वी, जाळी काढण्यापूर्वी, शांत डोक्याने ठरवावे लागते की खाली काही झाले तर कोण दोर ओढील, कोण फोन करील, आणि बाबांना कोण धरून ठेवील. हे वाक्य लिहायला मला कठीण जाते, पण माझ्या मते सुटकेच्या आराखड्याचा अर्धा भाग हाच आहे.

‘फोन करू, गाडी येईल’ यावर विसंबून चालणार नाही. प्राणवायू तुटला की मेंदू चार-पाच मिनिटांत कायमचा दुखावतो. श्रीवर्धन किंवा म्हसळ्याहून वळणाच्या रस्त्याने कोणतीही गाडी, कितीही तत्पर ड्रायव्हर असला तरी, तेवढ्या वेळात बोर्लीला पोचणार नाही. १०८ ला फोन करायचाच, पण तो वर काढलेल्या माणसासाठी. त्याला वर काढायची सोय आपल्यापाशी, त्या जागी आणि आधीपासून असली पाहिजे.

नुसता दोर पुरतो का? अर्धवट पुरतो. सत्तर किलोचे बेशुद्ध अंग तीस फूट खालून नुसत्या हातांनी सरळ वर खेचणे दोघा-तिघांनाही जमत नाही; दोर कठड्यावर घासतो, माणूस कडेला आपटतो. कमरेला बांधलेल्या दोरात तो दुमडतो, कधी निसटतोही. म्हणून कारखान्यात छाती-खांदे-मांड्यांतून जाणारा पूर्ण पट्टा वापरतात आणि मॅनहोलवर तीन पायांची घोडी उभी करून तिच्यावर कप्पी आणि हाताने फिरवायचे चाक लावतात. मग एकटा माणूस दुसऱ्याला वर घेऊ शकतो. ही साधने पाहिली की मला गंमत वाटते. आमच्या विहिरींवर दोन खांब, आडवी तुळई आणि तिला कप्पी हे सगळे होतेच की! रहाट मोडला, पंप आला, तेव्हा लोकांनी खांब पाडले, तुळई चुलीत घातली. पाणी काढायला ती लागत नव्हती हे खरे. पण माणूस काढायची सोयही तिच्याबरोबर गेली, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

दिघीच्या बंदरात मालवाहू जहाजे येतात. जहाजाच्या पोटात कोळसा, लाकूड, भंगार अशा मालानेही प्राणवायू कमी होतो आणि आजवर जगभर कितीतरी खलाशी असे गेले आहेत. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमाने १ जानेवारी २०१५ पासून जहाजांवर दर दोन महिन्यांनी बंदिस्त जागेत शिरण्याचा आणि तिथून माणूस काढण्याचा सराव सक्तीचा केला. जुलै २०१६ पासून हवा तपासायचे मीटर जहाजावर असणेही सक्तीचे झाले. गंमत बघा, एकाच खाडीत एका बाजूला हा सराव केलेले जहाज उभे असते आणि थोड्या अंतरावर मासेमारीची होडी, जिच्या खणात उतरणाऱ्या पोराला कुणी काही सांगितलेले नसते. दोघांची फुप्फुसे सारखीच.

आता एक नकोशी गोष्ट. विहिरीत आपण घरचे उतरतो, पण सेफ्टी टाकीत? तिथे कोण उतरते हे प्रत्येकाला माहीत आहे आणि बहुतेक जण ते बोलत नाहीत. ज्यांच्या जातीवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले, त्यांचीच मुले अजून टाकीच्या तोंडाशी उभी दिसतात, आणि टाकीचा मालक म्हणतो, ‘आम्ही कंत्राट दिले होते.’ २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारे आणि सेप्टिक टँक माणसाकडून साफ करून घेण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे घरमालकालाही लागू आहे, कॉटेजवाल्यालाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तीस लाख केली. रक्कम वाढली हे बरे झाले. पण टाकीसाठी खरा उपाय सुटकेचा आराखडा हाही नव्हे. मैला ओढणारा टँकर बोलवावा, नळी आत सोडावी आणि माणसाने आत जाऊच नये. टाकी बांधतानाच टँकरची नळी पोचेल अशा जागी आणि मोठ्या तोंडाची बांधली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दिवेआगरला खोल्या बांधणाऱ्या मंडळींनी टाइल्स निवडायला जितका वेळ दिला, त्यातला एक तास टाकीला द्यावा.

विहिरीत आणि बोटीच्या खणात मात्र माणूस उतरणारच. त्यासाठी मला एक सुचते. आमच्याकडे गावोगावी लग्नाकार्याची सार्वजनिक भांडी असतात. मोठी पातेली, झारे, सतरंज्या. ज्याच्या घरी कार्य असेल तो वहीत नाव लिहून घेऊन जातो आणि घासूनपुसून परत आणतो. तशीच ग्रामपंचायतीत एक पेटी असावी. तिच्यात तीन पायांची घोडी आणि चाक, अंगभर घालायचे दोन पट्टे, जाड दोर, लांब नळीचा ब्लोअर आणि चार वायू दाखवणारा मीटर. मीटरची किंमत चांगल्या मोबाइल फोनच्या आसपास असते, आणि फोन तर आता घरटी तीन आहेत. मीटर वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो, त्याचे सेन्सर काही वर्षांनी बदलावे लागतात, याचा खर्च धरावा, नाहीतर ती पेटी दोन वर्षांनी शोभेची होईल. सरकारी साहित्याचे हे होणे आपल्याला नवीन नाही.

पेटीबरोबर माणसेही हवीत. गावात पाच-सहा तरुण तयार करावेत. दोराची न सरकणारी गाठ होडीवरच्या प्रत्येक पोराला येते, ती त्याला नव्याने शिकवायला नको. शिकवायचे ते हे, की मीटर दोरीला बांधून आधी वर, मग मध्ये, मग तळाशी सोडून पाहायचा. ब्लोअरची नळी तळापर्यंत न्यायची आणि तो काम संपेपर्यंत बंद करायचा नाही. इंजिन विहिरीपासून दूर आणि धूर वाऱ्याने विहिरीकडे येणार नाही असे ठेवायचे. पट्टा घातल्याशिवाय आणि दोर वर अडकवल्याशिवाय कुणी पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. आणि आतला कोसळला तर चाक फिरवायचे, आत जायचे नाही. जहाजावरची माणसे दर दोन महिन्यांनी हेच करतात. बंदरवाल्यांना विनंती केली तर वर्षातून एकदा बोर्लीच्या बाजारात, एखाद्या विहिरीवर, ते करून दाखवायला त्यांची हरकत नसावी. पोती भरलेले बाहुले खाली सोडून वर काढताना पाहायला सगळा गाव जमेल. बायकांनी जरूर यावे, कारण पुरुष खाली असताना काठावर पुष्कळदा त्याच असतात.

मी हे दोन-चार ठिकाणी बोलून पाहिले. एका काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘अरे, एवढे सगळे वर्षातून एकदा गाळ काढायला? गडी दोन तासांत मोकळा होतो.’ मी म्हटले, काका, त्या गड्याला विचारले का? त्यांनी नाही विचारले. मी विचारले. तो म्हणाला, ‘भाऊ, दोर दिला तर बांधीन की. आजवर कुणी दिलाच नाय.’

गाळ काढण्याचा हंगाम आणि १ मेची ग्रामसभा एकत्रच येतात. विषयपत्रिकेवर पाणीपट्टी असते, रस्ते असतात, दिवाबत्ती असते. यंदा मी लेखी अर्ज देऊन एक विषय घालायला सांगितला आहे: विहिरीत उतरणाऱ्यांसाठी सामायिक पेटी, आणि ती कुणाच्या घरी ठेवायची, किल्ली कुणाकडे राहायची. किल्लीवरून वाद होणार हे मला माहीत आहे. आमच्या गावात भांड्यांच्या किल्लीवरूनही होतो. पण वाद झाला तर पेटी आली असे मी समजेन.